रेंगाळलेली उभारी आणि बुडीत कर्जांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांमध्ये मार्च महिना आला की ‘नवे-जुने’ हा शब्द हमखास ऐकू येतो. गेल्या वर्षीचे पीककर्ज ३१ मार्चपूर्वी भरायचे असते आणि हातात पैसे नसतात, म्हणून शेतकरी कुणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी रक्कम उसनी घेतो, जुने कर्ज फेडतो, लगेच नवे कर्ज उचलतो आणि त्यातून उसनवारी भागवतो. सोसायटीच्या वहीत खाते नियमित दिसते आणि वसुलीची टक्केवारी चांगली भरते. प्रत्यक्षात कर्ज जिथल्या तिथे असते, फक्त त्याची तारीख बदललेली असते.

२०१० ते २०१५ या काळात देशातल्या मोठ्या बँका आणि मोठ्या कंपन्या यांच्यात हाच व्यवहार हजारो कोटींच्या मापात चालला होता. त्याला ‘पुनर्रचना’ असे भारदस्त नाव होते आणि सोबत वकील, सल्लागार व जाडजूड अहवाल असत, पण गाभा नव्या-जुन्याचाच होता. २००८च्या जागतिक आर्थिक संकटानंतर भारताची अर्थव्यवस्था लगेच सावरल्यासारखी दिसली आणि मग पुढची जवळजवळ दहा वर्षे खासगी गुंतवणुकीला उभारी आली नाही. या कोड्याचे मोठे उत्तर या व्यवहारात आहे. अशा रेंगाळलेल्या उभारीच्या काळात सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्या हाती कोणती साधने असतात, त्यांतली कोणती चालली आणि कोणती बोथट ठरली, हे या एका प्रकरणातून बरेच स्पष्ट होते.

कर्ज साचले कसे

२००३-०४ ते २००७-०८ या वर्षांत भारताचा विकासदर ८ ते ९ टक्क्यांच्या आसपास होता. वीज, पोलाद, रस्ते, विमानतळ, दूरसंचार अशा क्षेत्रांत खासगी कंपन्यांनी प्रचंड प्रकल्प हाती घेतले आणि बँकांनी त्यांना सढळ हाताने कर्जे दिली. काही वर्षांतच बँकांचा कर्जपुरवठा दुप्पट झाला. वीज प्रकल्पासारख्या कामात शंभर रुपयांच्या खर्चापैकी सत्तरेक रुपये कर्जाचे असणे ही सर्वसाधारण पद्धत होती. ही आकडेमोड मागणी दरवर्षी वाढत राहील, व्याजदर फार चढणार नाहीत आणि प्रकल्प वेळेत सुरू होईल या तीन गृहीतकांवर उभी होती.

तिन्ही गृहीतके एकापाठोपाठ एक ढासळली. जागतिक मागणी घटली. महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या दीड वर्षात तेरा वेळा व्याजदर वाढवले आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ८.५ टक्क्यांवर नेला. भूसंपादन आणि पर्यावरण परवानग्या रखडल्या. दूरसंचार क्षेत्रात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने कोळसा खाणींच्या २१८ पैकी बहुतेक वाटपांवर फुली मारली. वाटपातली अनियमितता पाहता हे निर्णय अपरिहार्यच होते, पण त्या खाणींच्या भरवशावर वीज केंद्र बांधून बसलेल्या कंपनीचे कर्ज काही त्यामुळे कमी झाले नाही.

कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते कर्ज ‘अनुत्पादक’ ठरते आणि संभाव्य तोट्यासाठी बँकेला आपल्या नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते, हा नियम. या बाजूला काढलेल्या रकमेला ‘तरतूद’ म्हणतात. मात्र मुदत वाढवून किंवा हप्ते पुढे ढकलून पुनर्रचना केलेल्या कर्जाला अनुत्पादक न म्हणण्याची सवलत बँकांना होती आणि २००८च्या संकटानंतर ती आणखी सैल करण्यात आली. एक-दोन वर्षांच्या वादळापुरती ही सवलत समजण्यासारखी होती, पण ती वर्षानुवर्षे चालू राहिली. बँकेच्या अध्यक्षाला आपल्या कारकिर्दीत तोटा दाखवायचा नव्हता, कंपनीच्या मालकाला कारखान्यावरचा ताबा सोडायचा नव्हता आणि सरकारला आपल्याच मालकीच्या बँकांमध्ये भांडवल ओतायचे नव्हते. तोटा झालेलाच नाही असे मानण्यात तिघांचाही तात्पुरता फायदा होता.

दोन ताळेबंद, एकच गाठ

अर्थमंत्रालयाच्या त्या वर्षांतल्या आर्थिक पाहणी अहवालांनी या अवस्थेला दुहेरी ताळेबंदाची समस्या म्हटले. एका बाजूला कर्जात बुडालेल्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला त्या कर्जामुळे पंगू झालेल्या बँका. एकूण कंपनी कर्जापैकी सुमारे ४० टक्के कर्ज अशा कंपन्यांकडे आहे, ज्यांची कमाई व्याज भरण्याइतकीही नाही, असे २०१६-१७च्या पाहणीत नमूद होते.

ही समस्या नेहमीच्या मंदीपेक्षा वेगळी का आहे, हे समजण्यासाठी बँकेचा ताळेबंद थोडा उघडून पाहावा लागेल. समजा, एका बँकेने १०० रुपयांची कर्जे दिली आहेत. त्यातले ९० रुपये ठेवीदारांचे आहेत आणि १० रुपये बँकेच्या मालकांचे, म्हणजे भागधारकांचे, भांडवल आहे. कर्जापैकी ८ रुपये बुडाले तर ठेवीदारांचे ९० रुपये परत द्यायचेच आहेत. बुडालेले ८ रुपये भांडवलातूनच वजा होतात आणि उरतात २. नवी कर्जे द्यायची तर त्यांच्या प्रमाणात किमान भांडवल हवे, असा नियामकाचा दंडक असतो. मग तिजोरीत ठेवींचे डोंगर असले तरी ही बँक नवे कर्ज देऊ शकत नाही. बँकेकडे रोकड नसणे आणि भांडवल नसणे हे दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि पुढचे सगळे प्रकरण समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवणे फार उपयोगी पडते.

कंपनीच्या बाजूनेही असेच होते. कमाईतला प्रत्येक रुपया जुने व्याज भरण्यात जात असेल, तर व्याजदर अर्ध्या टक्क्याने उतरले म्हणून ती कंपनी नवा कारखाना काढायला धावत नाही. म्हणजे व्याजदर कपातीने कर्ज घेणारा पुढे येत नाही आणि देणाराही हात आखडून असतो. २०११-१२ मध्ये देशाची स्थिर गुंतवणूक सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३४ टक्क्यांच्या आसपास होती. २०१६-१७ पर्यंत ती २८ टक्क्यांच्या आसपास आली. जपानने १९९०नंतरच्या दशकात अशाच अवस्थेत बुडीत कर्जे लपवत बरीच वर्षे घालवली होती, ते उदाहरण दिल्ली-मुंबईतल्या धोरणकर्त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

वही उघडण्याचे वर्ष

बदल सुरू झाला तो रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना. १ एप्रिल २०१५ पासून पुनर्रचनेची सवलत बंद झाली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मोठ्या कर्जखात्यांची स्वतंत्र तपासणी केली. एकच कंपनी एका बँकेच्या वहीत थकबाकीदार आणि दुसऱ्या बँकेच्या वहीत नियमित, अशी उदाहरणे आता चालणार नव्हती. तपासणीत अनुत्पादक ठरलेली खाती बँकांना तशीच दाखवावी लागली आणि त्यांच्यासाठी तरतूद करावी लागली.

आकडे पाहिले तर धक्का किती मोठा होता ते कळते. मार्च २०१५ मध्ये सार्वजनिक बँकांची ढोबळ, म्हणजे तरतूद वजा न करता मोजलेली, अनुत्पादक कर्जे २.७९ लाख कोटी रुपये होती. मार्च २०१८ मध्ये ती ८.९५ लाख कोटींवर गेली. सार्वजनिक बँकांच्या दर शंभर रुपयांच्या कर्जातले १४ रुपयांहून अधिक अनुत्पादक होते. या तपासणीमुळेच बँका आजारी पडल्या, अशी टीका तेव्हा झाली आणि अधूनमधून आजही होते. तपासणीनंतर बँकांनी कर्जे देणे आणखी आखडते घेतले, एवढा भाग खरा आहे. परंतु ही कर्जे २०१५ नंतर दिलेली नव्हती; ती आधीच्या तेजीतली होती आणि त्यांच्यातला तोटाही आधीच होऊन गेला होता. तो कुणी आणि केव्हा सोसायचा एवढेच ठरायचे बाकी होते, आणि हे ठरवणे म्हणजेच या काळातली खरी आर्थिक सुधारणा, असे माझे मत आहे. बाकीच्या बऱ्याच घोषणा याच प्रश्नाभोवती फिरत होत्या किंवा त्याला बगल देत होत्या.

मालक बदलू शकतो हे दाखवणारा कायदा

कर्ज बुडाले हे कबूल केल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो तो वसुलीचा. भारतात त्यासाठी कायदे नव्हते असे नाही. आजारी कंपन्यांसाठी १९८५चा कायदा होता, कर्जवसुली न्यायाधिकरणे १९९३ पासून होती, तारण मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार २००२च्या कायद्याने बँकांना मिळाला होता. तरीही प्रकरणे दहा-दहा वर्षे रेंगाळत आणि तोवर यंत्रे गंजून जात. कारखाना आजारी आणि मालक मात्र ठणठणीत, हे दृश्य औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

मे २०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता मंजूर केली आणि या खेळाचा मूळ नियम बदलला. कर्ज थकले की धनको, म्हणजे ज्याचे येणे आहे तो, कंपनीला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे नेऊ शकतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कारभार एका व्यावसायिकाकडे जातो आणि कंपनीचे पुढे काय करायचे ते कर्ज देणाऱ्यांची समिती मतदानाने ठरवते. त्यासाठी आधी ७५ टक्के मते लागत; २०१८ मध्ये हे प्रमाण ६६ टक्के झाले. मुदत १८० दिवसांची, वाढवून २७०. पुढे २०१९ मध्ये न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवस. या अवधीत खरेदीदार मिळाला नाही तर कंपनी अवसायनात काढायची, म्हणजे तिची मालमत्ता विकून ती बंद करायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये आणखी एक महत्त्वाचे कलम आले: ज्या प्रवर्तकाने, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकाने, कर्ज थकवले, त्याला तीच कंपनी लिलावात स्वस्तात परत घेता येणार नाही.

जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा बड्या खात्यांची यादी काढून बँकांना त्यांच्याविरुद्ध या संहितेखाली कारवाई करायला सांगितले. त्या बारांमध्येच बँकांच्या एकूण अनुत्पादक कर्जांचा सुमारे चौथा हिस्सा अडकला होता. त्यातली भूषण स्टील मे २०१८ मध्ये टाटा स्टीलने घेतली आणि सुमारे ५६ हजार कोटींच्या येण्यापोटी बँकांना ३५ हजार कोटींच्या आसपास मिळाले. एस्सार स्टीलचे प्रकरण मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. २७० दिवसांच्या कायद्यात आठशेहून अधिक दिवस गेले, पण आर्सेलर-मित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्याकडून ४२ हजार कोटी रुपये आले. बँका आणि मालपुरवठादार यांच्यात वाटणी कशी करायची, याचा अंतिम निर्णय धनकोंच्या समितीचा, हे त्या निकालाने पक्के केले.

सगळीकडे असे झाले नाही. मूळच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनवर सुमारे ६५ हजार कोटींचे दावे मान्य झाले होते आणि पुढे आलेली बोली तीन हजार कोटींचीही नव्हती. शंभर रुपयांतले पंचाण्णव सोडून द्यायचे, याला बँकांच्या बोलीत ‘हेअरकट’ म्हणतात. इथे तर मुंडणच होते. जून २०२१ मध्ये मंजूर झालेली ही योजना अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली. सरासरी काढली तर संहितेखाली निकाली निघालेल्या प्रकरणांत धनकोंना मान्य दाव्यांच्या एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम मिळालेली दिसते. हा आकडा निराशाजनक आहे, पण त्याला जोडून हेही पाहायला हवे की कंपनी न्यायाधिकरणापुढे येईपर्यंत तिची मोडीची किंमत आणखी खाली गेलेली असते आणि मिळालेली रक्कम त्या मोडीच्या किमतीपेक्षा सरासरीने बरीच जास्त असते. संहितेचा मोठा परिणाम तर आकड्यांत दिसतच नाही. कंपनी हातातून जाऊ शकते ही भीती बसल्यावर अनेक मालकांनी प्रकरण दाखल होण्याआधीच थकबाकी भरली.

भांडवल आणायचे कोठून

तोटा मान्य केला, वसुलीतून काही आले, तरी खड्डा उरतोच. सार्वजनिक बँकांची मालकी सरकारकडे, म्हणून खड्डा भरायचा तोही सरकारनेच, म्हणजे करदात्यांनी. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘इंद्रधनुष’ योजनेत चार वर्षांसाठी ७० हजार कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हाच ते अपुरे आहेत असे जाणकार म्हणत होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने दोन वर्षांत २.११ लाख कोटींच्या भांडवलाची घोषणा केली आणि त्यातले १.३५ लाख कोटी पुनर्भांडवलीकरण रोख्यांतून येणार होते.

हे रोखे म्हणजे काय, ते पाहण्यासारखे आहे. सरकार रोखे काढते. बँक आपल्याकडच्या ठेवींच्या पैशातून ते विकत घेते. त्या विक्रीतून आलेली रक्कम सरकार भांडवल म्हणून त्याच बँकेत घालते. पैसा डाव्या खिशातून निघून उजव्या खिशात आला, एवढेच वरकरणी दिसते. पण वरच्या शंभर रुपयांच्या उदाहरणातली बँक आठवली तर फरक कळतो. तिच्याकडे ठेवी होत्या, भांडवल नव्हते. आता ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत, म्हणजे सुरक्षित मालमत्तेत, बसला आणि भांडवलाचा रकाना भरला. सरकारला त्या वर्षी रोख रक्कम द्यावी लागली नाही, फक्त दरवर्षीचे व्याज अंगावर आले. वित्तीय तुटीच्या आकड्यात रोख्यांची मुद्दल दिसत नाही, व्याज दिसते. खर्च झाला, पण तो पुढच्या पंधरा वर्षांवर पसरला, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने सार्वजनिक बँकांमध्ये मिळून सुमारे ३.११ लाख कोटी रुपये घातले आणि त्यातला बहुतांश भाग अशा रोख्यांतून आला.

भांडवलाबरोबर शिस्तही आली. अकरा सार्वजनिक बँकांवर रिझर्व्ह बँकेने सुधारात्मक कारवाईची बंधने घातली: नव्या शाखांवर, लाभांशावर आणि जोखमीच्या कर्जांवर मर्यादा. पुण्यात मुख्यालय असलेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच एक. २०१७ मध्ये तिच्यावर बंधने आली, मार्च २०१८ मध्ये तिची अनुत्पादक कर्जे १९ टक्क्यांवर गेली होती. जानेवारी २०१९ मध्ये ती बंधनांतून बाहेर पडली आणि मार्च २०२४ पर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या खाली आले. लहान बँका मोठ्या बँकांत विलीन करून सार्वजनिक बँकांची संख्या २७ वरून १२ वर आणण्यात आली.

इथे एका गैरसमजाकडे वळायला हवे, कारण त्यावरून मराठी घरांत आणि पारावर बरीच वादावादी होते. जून २०१७ मध्ये, म्हणजे बारा खात्यांची यादी निघाली त्याच महिन्यात, महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांसाठी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. एकीकडे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीवर अर्थतज्ज्ञ नाके मुरडतात आणि दुसरीकडे उद्योगपतींची लाखो कोटींची कर्जे ‘राइट ऑफ’ होतात, हा राग तेव्हापासून व्यक्त होत आला आहे. कर्जमाफीत शेतकऱ्याचे देणे संपते आणि बँकेला ती रक्कम सरकार देते. राइट ऑफ, म्हणजे निर्लेखन, हा बँकेच्या वहीतला बदल असतो: ज्या जुन्या खात्यासाठी पूर्ण तरतूद करून झाली आहे, ते खाते ताळेबंदातून काढले जाते, कर्जदाराचे देणे कायम राहते आणि वसुलीचे दावे चालूच राहतात. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण निर्लेखित कर्जांतून प्रत्यक्ष वसुली फार थोडी होते, आणि सरकारी बँकेच्या तरतुदीचा पैसा अखेर सरकारच्या नफ्यातून किंवा करदात्याच्या भांडवलातूनच जातो. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी साडेचौदा लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केली, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. तेव्हा व्याख्येत चूक असली तरी रागाच्या मुळाशी असलेला हिशेब पूर्णपणे चुकीचा नाही.

मध्येच आलेले धक्के आणि बोथट साधने

ही साफसफाई शांतपणे चालली असती तर एव्हाना लेख संपला असता. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चलनातल्या ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. रोखीवर चालणाऱ्या लहान व्यवसायांना त्याची झळ बसली, आणि रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली. बँका ठेवींनी ओसंडून वाहू लागल्या, तरी २०१६-१७ मध्ये कर्जपुरवठ्याची वाढ सुमारे ५ टक्क्यांवर, साठ वर्षांहून अधिक काळातल्या नीचांकावर होती. रोकड आणि भांडवल हे वेगळे आजार आहेत, याचा याहून ठसठशीत पुरावा मिळणे कठीण. पुढच्या जुलैत वस्तू व सेवा कर आला. तो दीर्घ पल्ल्याचा चांगला बदल असला तरी पहिल्या वर्षात परताव्यांच्या विलंबाने लहान उद्योजकांचे खेळते भांडवल अडकले.

बँकांनी हात आखडल्याने जी पोकळी तयार झाली, ती बिगरबँक वित्त कंपन्यांनी भरली. गृहकर्ज, वाहनकर्ज, बांधकाम व्यावसायिकांना कर्ज, सगळीकडे त्यांचा वाटा वाढला. पण त्यांतल्या काहींनी बाजारातून थोड्या महिन्यांसाठी पैसा उचलून तो अनेक वर्षांच्या प्रकल्पांत गुंतवला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणारी मुंबईची आयएल अँड एफएस आपली देणी चुकवू शकली नाही. ९० हजार कोटींच्या वर कर्ज, तीनशेहून अधिक उपकंपन्या, आणि काही आठवडे आधीपर्यंत पतमानांकन सर्वोच्च. सरकारने १ ऑक्टोबरला तिचे संचालक मंडळ बदलले. पुढच्या वर्षी गृहकर्ज क्षेत्रातली डीएचएफएल कोसळली. बाजाराने सगळ्याच वित्त कंपन्यांकडे संशयाने पाहायला सुरुवात केली आणि वाहनविक्रीपासून घरबांधणीपर्यंत सगळे थंडावले. २०१९-२०चा विकासदर ४ टक्क्यांच्या आसपास आला, आणि त्यात कोविडचा वाटा शेवटच्या काही आठवड्यांपुरताच होता.

सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी तेव्हा दोन्ही नेहमीची अस्त्रे काढली. फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१९ या काळात रेपो दर पाच वेळा कमी होऊन ६.५ वरून ५.१५ टक्क्यांवर आला. या १.३५ टक्क्यांच्या कपातीतून नव्या कर्जांच्या सरासरी व्याजदरात घट झाली ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि जुन्या कर्जांवर तर जवळपास काहीच नाही. बँकांचा यात आळस नव्हता. जुन्या बुडीत कर्जांसाठी तरतूद करायची तर नफा हवा, आणि नफा हवा तर चालू कर्जदाराकडून जास्त व्याज व ठेवीदाराला कमी व्याज, हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता. नियमित हप्ते भरणाऱ्या नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या लघुउद्योजकाला कर्ज महाग पडत होते, कारण त्याच बँकेच्या दुसऱ्या रकान्यात एखादे पोलादाचे खाते बुडाले होते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जासारखी कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणे बँकांना बंधनकारक केले, ते याच कारणाने.

दुसरे अस्त्र कराचे. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के करण्यात आला, १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता. शेअर बाजार त्या दिवशी उसळला. पण ग्राहक खरेदी करत नसताना वाचलेल्या करातून नवा कारखाना काढण्याऐवजी कर्ज कमी करणे कंपन्यांना शहाणपणाचे वाटले, आणि त्यांच्या जागी कुणालाही तसेच वाटले असते. तोच पैसा ग्रामीण रोजगारावर किंवा थेट सार्वजनिक बांधकामावर खर्च झाला असता तर मागणीला लवकर हात मिळाला असता, असे मला वाटते. कर कमी केल्याने कंपन्यांचे ताळेबंद सुधारले आणि पुढे त्याचा उपयोगही झाला. मात्र जाहीर करताना जी तातडीची गुंतवणूक अपेक्षित होती, ती आली नाही.

साफ झालेली वही

कोविडच्या लाटेत २०२०-२१ मध्ये अर्थव्यवस्था आकुंचन पावली, हप्ते स्थगित झाले, दिवाळखोरीचे नवे अर्ज वर्षभर थांबवले गेले. बुडीत कर्जांचा नवा डोंगर उभा राहील अशी भीती होती, तो राहिला नाही. बँकांकडे आता तरतुदी होत्या, भांडवल होते, आणि मोठ्या कंपन्यांनी आपली कर्जे बरीच खाली आणली होती. लहान उद्योगांसाठी सरकारने ३ लाख कोटींपर्यंतच्या कर्जांना हमी दिली. त्यानंतर केंद्राने स्वतःच्या भांडवली खर्चाचा रेटा वाढवला: २०१९-२० मध्ये तो सव्वातीन लाख कोटींच्या थोडा वर होता, २०२३-२४च्या अर्थसंकल्पात १० लाख कोटींवर गेला. खासगी गुंतवणूकदार पुढे येत नसेल तर रस्ते आणि रेल्वे सरकारनेच बांधायची, हा जुनाच उपाय होता.

मार्च २०१८ मध्ये सर्व बँकांची मिळून ढोबळ अनुत्पादक कर्जे ११ टक्क्यांच्या वर होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती २.६ टक्के झाली. या घसरणीत वसुलीचा वाटा आहे, नव्या कर्जांमुळे एकूण कर्जांचा आकडा, म्हणजे टक्केवारीतला छेद, वाढल्याचाही आहे आणि निर्लेखनाचा तर फार मोठा आहे. तोट्याचे वाटप असे झाले: काही भाग भूतपूर्व मालकांनी कंपन्या गमावून सोसला, काही बँकांच्या भागधारकांनी, काही ठेवीदारांनी कमी व्याजात आणि प्रामाणिक कर्जदारांनी जादा व्याजात. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांनी जो सोसला, त्याची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही. उरलेला मोठा हिस्सा सरकारकडे, म्हणजे रोख्यांच्या रूपाने पुढच्या करदात्यांकडे गेला. २०१८च्या सुरुवातीला काढलेल्या पहिल्या रोख्यांची मुदत दहा ते पंधरा वर्षांची आहे. त्यांचे व्याज दरवर्षीच्या अर्थसंकल्पात भरले जात आहे आणि मुद्दल फेडण्याची सुरुवात २०२८ मध्ये व्हायची आहे.